माणसाळलेला निबंध

थोरलीच्या हातून कधी चूक होत नसे, आणि सगळा घोळ झाला तो त्यामुळेच.

म्हणजे होत असेलही हो, माणूस आहे. पण झालीच, तरी ती तिची नसे. दूध उतू गेलं तर गॅस मोठा ठेवणाऱ्याची चूक, बस चुकली तर दोन मिनिटं आधी सोडणाऱ्या ड्रायव्हरची. रुग्णालयाच्या तळघरात निर्जंतुकीकरण विभाग होता, तिथे ती चौदा वर्षं काम करत होती. वर ऑपरेशन झालं की वापरलेल्या कात्र्या, चिमटे, सगळं खाली यायचं. ते धुवायचं, भिंगाखाली तपासायचं, यादीप्रमाणे सेट लावायचा, दुहेरी कापडात बांधायचा, वर चिठ्ठी चिकटवायची आणि ऑटोक्लेव्हच्या वाफेत घालायचा. चौदा वर्षांत तिच्या चिठ्ठीचा एक सेट वरून परत आला नव्हता. हे ती स्वतः सांगायची, आणि कुणी विचारलं नाही तर आवर्जून सांगायची.

चार वर्षांपूर्वी तिची धाकटी जाऊ त्याच विभागात लागली. शब्द थोरलीनेच टाकला होता. तेव्हा तिला वाटलं होतं, बरंय, घरचं माणूस हाताखाली राहील. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच. सहा महिन्यांत वरच्या नर्सा खाली फोन करून विचारायला लागल्या, “ती तुमची हसरी आहे का हो तिकडे?” इतकी वर्षं फोन थोरलीने उचलला, आणि विचारायचं हसरीला! घरीही तीच तऱ्हा. खालच्या मजल्यावर थोरली, तिचा नवरा आणि सासूबाई. वरच्या मजल्यावर धाकटं जोडपं. सासूबाईंचे गुडघे इतके दुखायचे की पाण्याचा तांब्याही हातात आणून द्यावा लागायचा. पण चार वाजले की त्याच गुडघ्यांवर त्या अठरा पायऱ्या चढून धाकटीकडे चहाला जायच्या.

“खालचा चहा काय कडू लागतो?” थोरलीने एकदा विचारलंच.

“कडू नाही गं,” सासूबाई म्हणाल्या, “पण तुझ्या चहाबरोबर तू पण असतेस ना.”

यावर थोरली आठ दिवस बोलली नाही. सासूबाईंना फारसा फरक पडला नाही, हे आणखी वाईट.

तर असं सगळं धुमसत असताना विभागाचे इन्चार्ज निवृत्त व्हायला आले. त्यांच्या जागी कोण, हे एका प्रशिक्षणावरून ठरणार होतं. वर्षभराचं प्रशिक्षण, विभागातून एकच जागा. जी बाई ते करून येईल ती इन्चार्ज. अर्ज दोघींनीच केले. थोरलीने केला कारण ती जागा तिचीच होती. धाकटीने केला कारण इन्चार्ज म्हणाले, “अगं कर की, बिघडलं काय?” थोरलीला मात्र रात्रंदिवस एकच चित्र दिसायला लागलं: घरात मी थोरली, आणि कामावर रजेच्या अर्जावर धाकटीची सही घ्यायची. त्यापेक्षा ऑटोक्लेव्हमध्ये जाऊन बसलेलं बरं.

अर्जाबरोबर आठशे शब्दांचा निबंध द्यायचा होता. विषय: ‘कामावरची एक चूक आणि तिच्यातून मी काय शिकले.’

झाली का पंचाईत! थोरली तीन दिवस वही घेऊन बसली. चूक काही सापडेना. शेवटी तिने खऱ्याला जागून लिहिलं, “माझ्या हातून आजवर चूक झालेली नाही. इतरांच्या हातून झालेल्या चुका पुढीलप्रमाणे.” आणि खाली एकोणीस चुकांची यादी, तारखांसकट. नवऱ्याने वाचून डोकं खाजवलं. “हा निबंध आहे की फिर्याद?” तो म्हणाला.

त्या बिचाऱ्याचा तेवढाच सहभाग. पुढचं तिने एकटीने केलं. फोनवर तिला एक जाहिरात सापडली: निबंध उजळून मिळेल, संपादन अनुभवी माणसांकडून, समाधानाची हमी. थोरलीने पैसे भरले आणि यादी पाठवून दिली. दुसऱ्या दिवशी निबंध परत आला तो ओळखू येईना. “निर्जंतुकीकरण ही केवळ एक प्रक्रिया नसून ती एक जीवनदृष्टी आहे,” अशी सुरुवात. पुढे समर्पण, सांघिक भावना, उत्कृष्टतेचा अखंड प्रवास. एकोणीस चुकांचं “आव्हानांच्या विविधरंगी पटात” रूपांतर झालेलं. थोरलीला त्यातलं अर्धं कळलं नाही, म्हणून तिला तो फारच आवडला. आता बघू म्हणावं हसरीला! तिने तो त्याच दिवशी देऊन टाकला.

चौथ्या दिवशी प्रशिक्षण विभागातून उत्तर आलं. निबंध तपासणी-यंत्रातून काढला असता ब्याण्णव टक्के यंत्राने लिहिलेला आढळला आहे. शुक्रवारी संध्याकाळी पाचपर्यंत स्वतः लिहिलेला निबंध द्यावा, अन्यथा अर्ज बाद.

थोरलीच्या तळपायाची आग मस्तकात गेली. अनुभवी माणसं म्हणे! तिने त्या संस्थेला फोन केला. फोनवरचा गोड आवाज म्हणाला, “मॅडम, आमच्याकडे माणसंच आहेत. पण माणसंही हल्ली यंत्राची मदत घेतात. त्यासाठी आमची दुसरी सेवा आहे. आम्ही तुमचा मजकूर माणसाळवून देतो.”

“माणसाळवून? तो काय रानडुक्कर आहे?”

“म्हणजे माणसाने लिहिल्यासारखा करून देतो, मॅडम. कुठल्याच यंत्राला संशय येणार नाही.”

“अहो, मग मुळातच माणसाने का नाही लिहिला?”

“त्याचा दर वेगळा पडतो,” आवाज म्हणाला.

अडला हरी, दुसरं काय. थोरलीने परत पैसे भरले. माणसाळलेला निबंध बुधवारी आला. त्यात दर तीन ओळींनी “खरं सांगू का मित्रांनो” आणि “अरे यार” घातलेलं होतं. माणूस वाटावा म्हणून मुद्दाम चारदोन शब्द चुकवले होते. ऑटोक्लेव्हचं “आपोआप बंद होणारं भांडं” झालं होतं. आणि उपकरणं हा शब्द यंत्राला फार पुस्तकी वाटला असावा, म्हणून सगळीकडे हत्यारं. “सकाळी आल्या आल्या मी रक्ताने माखलेली हत्यारं धुते, आणि अरे यार, कुणाला पत्ता लागू देत नाही,” असं एक वाक्य थोरलीने दोनदा वाचलं. हे दिलं असतं तर प्रशिक्षणाऐवजी पोलीस आले असते.

तिने पुन्हा फोन केला आणि चांगलं फैलावर घेतलं. गोड आवाज जराही कडू झाला नाही. “मॅडम, आमच्याकडे तुमच्या कामाचा नमुना नाही ना. एखाद्या माणसाने स्वतः लिहिलेलं काही पाठवा, याच विषयावरचं. आम्ही अगदी त्याच शैलीत करून देऊ. यावेळी जादा पैसेही घेणार नाही.”

एखाद्या माणसाने स्वतः लिहिलेलं, याच विषयावरचं. थोरलीने फोन ठेवला आणि वर छताकडे बघितलं.

धाकटीने आपला निबंध मागच्याच रविवारी लिहिला होता. एका बैठकीत, जेवणाच्या टेबलावर, साध्या पेनाने, चार पानं. थोरलीला ते माहीत होतं, कारण लिहून झाल्या झाल्या धाकटी कागद घेऊन खाली आली होती. “ताई, जरा वाचता का? तुम्हाला दाखवल्याशिवाय द्यायचा नाही असं ठरवलंय.”

“मला कुठे वेळ आहे?” थोरली म्हणाली होती. ती तेव्हा टीव्हीसमोर बसली होती, आणि टीव्हीवर जाहिराती चालू होत्या. “आणि तुझा तू लिही की. उद्या म्हणशील ताईंनी सांगितलं म्हणून बिघडलं.”

“बरं,” धाकटी म्हणाली आणि जरा वेळ तशीच उभी राहून परत गेली. तिच्या त्या उभं राहण्याचाही थोरलीला राग आला होता. एका बैठकीत! खाडाखोड नाही की काही नाही! आपण तीन दिवस वहीशी झटापट करायची, दोनदा पैसे मोजायचे, आणि हिने पेन उचललं की शाई आपोआप वाहायची. देव काय एकेकाला ओंजळीने देतो का काय?

गुरुवारी थोरलीची सुट्टी होती आणि धाकटी कामावर होती. दुपारी नळाला पाणी येईना. टाकीची चावी वरच्या मजल्यावर, म्हणून तिने वरची किल्ली घेतली आणि गेली. आता पाणी खरंच येत नव्हतं का, हे विचारू नका. चावी फिरवायला स्वयंपाकघरातून जावं लागतं, आणि स्वयंपाकघरात टेबल आहे, आणि टेबलावर मिठाच्या बरणीखाली ती चार पानं होती.

थोरलीने पहिलं पान उचललं. धाकटीचं अक्षर काही मोत्याचे दाणे नव्हतं. एवढं एक बरं वाटलं. मग ती वाचायला लागली.

“सेट ऑटोक्लेव्हमधून बाहेर आला की लगेच हात लावायचा नाही. तो गरम असताना उचलला तर हाताखालच्या कापडाला ओल धरते, आणि ओल धरली की आतलं सगळं वाया. थंड होईपर्यंत नुसतं शेजारी उभं राहायचं. मला आधी हे उभं राहणं यायचं नाही.”

एवढंच वाचलं आणि थोरलीने पान टेबलावर ठेवलं. कारण ते चांगलं होतं. त्यात जीवनदृष्टी नव्हती, मित्रांनो नव्हतं, एकही अवघड शब्द नव्हता. आणि ते थोरलीचं होतं! पहिल्या आठवड्यात हिच्या हातावर चापटी मारून तिनेच सांगितलं होतं, “अगं, गरम सेटला हात लावू नकोस, ओल धरेल.” शिकवायचं आम्ही आणि लिहायचं हिने. चौदा वर्षं त्या वाफेसमोर आपण उभ्या राहिलो, पण असं चार ओळींत मांडता नाही आलं. पुढचं तिला वाचवेना. डोळ्यांत पाणी यायच्या बेतात होतं, आणि ते धाकटीच्या स्वयंपाकघरात येऊ द्यायचं नव्हतं. तेवढ्यात जिन्यावर सासूबाईंची पावलं वाजली. चार वाजले होते; धाकटी घरी नाही याचाही म्हातारीला विसर पडलेला.

थोरलीने चटाचटा चार फोटो काढले, पानं बरणीखाली सरकवली आणि चावी न फिरवताच बाहेर आली.

“पाणी बघायला आले होते,” ती म्हणाली.

“पाणी तर आहे की खाली,” सासूबाई म्हणाल्या.

फोटो गेले. थोरलीने सोबत स्पष्ट लिहिलं, “अशा शैलीत पाहिजे. हेच नको.” आता त्या गोड आवाजाच्या लोकांनी ते कितपत वाचलं, देव जाणे. शुक्रवारी दिवसभर फोन गप्प. साडेचार झाले तरी गप्प. थोरली कामावर, हातात कोपरापर्यंत हातमोजे, समोर दोन ऑपरेशनांचं सामान. पावणेपाचला फोन वाजला. तिने हातमोजे ओढून काढले, फाइल उघडली. “वाफेतून निघालेल्या गरम सेटला घाईने स्पर्श करू नये. हाताखाली ओल धरते...” वा! असं हवं होतं. एक ‘अरे यार’ नाही. तिने शेवटची ओळही बघितली: “तेव्हापासून मी थांबायला शिकले.” छान आहे. मधलं वाचायला वेळ नव्हता, आणि खरं सांगायचं तर छातीही नव्हती. मधेही असंच चांगलं असेल तर पुन्हा जीव जळणार. पाचला सात मिनिटं असताना तिने निबंध पाठवून दिला.

पुढच्या बुधवारी दोघींना बोलावणं आलं. एकत्र.

प्रशिक्षण विभागाच्या बाई मोठ्या टेबलामागे बसल्या होत्या. चष्मा नाकाच्या टोकावर, आवाज धुतलेल्या स्टीलसारखा. शेजारी निवृत्तीला आलेले इन्चार्ज, अवघडलेले. टेबलावर दोन निबंध. धाकटी आत येताना थोरलीकडे बघून हसली होती. थोरलीला वाटलं, जागा हिला मिळालीय, तेच सांगायला बोलावलंय. आणि तिने हसण्याला उत्तर दिलं नाही.

“दोन निबंध आहेत,” बाई म्हणाल्या. “दोन्हींत चूक एकच. नवी बाई. चिमटे उघडून धुवायचे असतात, तिने मिटलेलेच धुतले. सांध्यात रक्त वाळून राहिलं. तसेच अकरा सेट बांधून वाफेत गेले. दोन्हींत अकराच.”

थोरलीचे कान तापले. चिमटे? अकरा सेट? हा प्रसंग तिला चांगलाच आठवत होता. पण त्या निबंधात तोच असेल हे तिच्या स्वप्नातही नव्हतं.

धाकटीने चमकून थोरलीकडे बघितलं. आणि तिचा चेहरा उजळला, देवाशप्पथ उजळला. “अय्या ताई, तुम्ही पण तेच लिहिलंत?” मग बाईंकडे वळून म्हणाली, “आम्ही दोघीच होतो हो त्या दिवशी. दोघींना तोच आठवला असेल.”

“असेल,” बाई म्हणाल्या. त्यांनी एक निबंध उचलला आणि थोरलीकडे बघितलं. “हा तुमचा. मी वाचते, तुम्ही समजावून सांगा.” आणि त्यांनी वाचलं: “माझी थोरली जाऊ मला एक शब्दही बोलली नाही. तिची पाळी संपली होती, पण ती थांबली. तिने अकराही सेट उघडले, एकेका चिमट्याचा सांधा माझ्याकडून उघडून घेतला, पुन्हा धुतला, सेट पुन्हा बांधले. चिठ्ठीवर माझं नाव होतं तिथे तिने स्वतःचं नाव लिहिलं. माझी चूक तिने आपल्या नावावर घेतली, आणि हे तिने मला कधीही बोलून दाखवलं नाही.”

बाईंनी निबंध खाली ठेवला.

“तुम्हाला थोरली जाऊ आहे?” बाईंनी विचारलं.

“नाही हो,” इन्चार्ज न राहवून म्हणाले, “त्यांच्या घरात दोघीच जावा. थोरली ह्याच.”

आणि मग त्यांनाच काय म्हटलं ते कळलं आणि ते टेबलाकडे बघायला लागले.

थोरलीला जमीन दुभंगून पोटात घेईल तर बरं असं झालं. आपल्याच तोंडाने आपलीच आरती! तीही उसनी! पण लाजेच्याही वर एक प्रश्न होता. ही असं लिहिते माझ्याबद्दल? ही?

“नियम सोपा आहे,” बाई म्हणाल्या. “जिने दुसरीचा निबंध घेतला तिचा अर्ज बाद, आणि पुढची तीन वर्षं अर्ज करता येणार नाही. बोला.”

धाकटीला आता सगळं उमगलं होतं. तिचा चेहरा उतरला. ती थोरलीकडे बघत नव्हती, हातातल्या रुमालाकडे बघत होती. मग मान वर करून म्हणाली, “बाई, चूक माझी आहे. मीच ताईंना निबंध तपासायला दिला होता. त्यांच्या फोनवर माझी फाइल होती, गडबडीत तीच गेली असणार. त्यांचा स्वतःचा वेगळा आहे. त्यांना बाद करू नका, हवं तर मला करा.”

आता बघा. दुसऱ्या कुणी गप्प बसून मान हलवली असती. दार उघडं होतं, धाकटीने स्वतः उघडून धरलं होतं. जागा अजून मिळू शकत होती. आणि दुसऱ्या एखादीला गहिवरून आलं असतं, तिने धाकटीला मिठी मारली असती. थोरलीला यातलं काहीच झालं नाही. तिचा झाला तिळपापड. म्हणजे चांगुलपणातही हीच पुढे? निबंधही हिचाच चांगला, हसणंही हिचंच, चहाही हिचाच, आणि आता दुसरीची चूक पोटात घालायला पण हीच? मी हिच्या उपकाराखाली इन्चार्ज होणार, आणि ही वर राहून मनातल्या मनात मला क्षमा करणार? ते काही नाही!

“खोटं बोलतेय ती,” थोरली ताडकन म्हणाली. “मला तपासायला दिला होता, तेव्हा मी घेतला नाही. मग वर जाऊन फोटो काढले, चोरून. एका माणसाळवणाऱ्या दुकानाला पैसे देऊन त्यावरून दुसरा करून घेतला. वाचलाही नाही. चूक माझी आहे. हिने मधे पडायचं काही कारण नाही.”

चौदा वर्षांत आणि त्याआधीच्या सगळ्या आयुष्यात ‘चूक माझी आहे’ हे तीन शब्द ती पहिल्यांदा बोलली, आणि तेही भांडल्यासारखी. इन्चार्जनी चष्मा काढून पुसला. बाईंनी थोरलीच्या अर्जावर एक आडवी रेघ मारली. दोन मिनिटांत सगळं संपलं.

खाली तळघरात कपडे बदलायच्या खोलीत दोघी बाकावर बसल्या. पलीकडे यंत्र घुमत होतं. बराच वेळ थोरलीने बुटाच्या नाडीची गाठ सोडवली, बांधली, सोडवली.

“ते चिठ्ठीवरचं नाव,” ती शेवटी म्हणाली. “सेट पुन्हा बांधला की पुन्हा बांधणारीचं नाव लिहायचं असतं. नियमच आहे तो. मी काही तुझ्यासाठी केलं नव्हतं.”

“माहीत आहे, ताई. चार वर्षं मी त्याच चिठ्ठ्या लिहितेय.”

“आणि मी गप्प होते ती रागाने. बोलले असते तर हातच उगारला असता.”

“ते पण माहीत आहे.”

“आणि कुणाला सांगितलं नाही वगैरे काही नाही. त्याच संध्याकाळी सासूबाईंना सांगितलं, तुमच्या धाकट्या सुनेने काय दिवे लावले ते. अगदी मीठमसाला लावून. निबंध लिहायला बसले तेव्हा माझ्या यादीत तुझे चिमटे पहिल्या नंबरवर होते, तारखेसकट.”

“सासूबाईंनी मला दुसऱ्याच दिवशी सांगितलं होतं,” धाकटी म्हणाली आणि जराशी हसली. मग हसू विझलं. “यादीचं नव्हतं माहीत.”

“मग असं कशाला लिहिलंस? सगळं माहीत असून?”

धाकटीने रुमालाची घडी घातली. तिलाही राग आला होता, आत्ता दिसला. चार वर्षांत पहिल्यांदा तिच्या कपाळावर आठी होती. “मला तशी थोरली जाऊ हवी होती,” ती म्हणाली. “म्हणून लिहिली. तुम्हाला दाखवायला आणली होती खाली. म्हटलं, वाचून काय म्हणता बघू.”

ती उठली, हात धुतले, टोपी घातली आणि कामाला गेली. पुढच्या महिन्यात ती प्रशिक्षणाला जाणार होती, आणि वर्षभराने थोरलीच्या रजेच्या अर्जावर तिची सही लागणार होती. थोरली बाकावर एकटीच राहिली. मग तिने फोन काढला. ते चार फोटो अजून तिथेच होते, घाईत काढलेले. दुसऱ्या पानावर तर तिचाच अंगठा आला होता. ती पहिल्यांदाच सगळं वाचायला लागली, बोटाने मोठं करून, एकेक ओळ.

चार पानांभर ती बाई होती. पाळी संपल्यावर थांबणारी, मोठ्या मनाची, मोजकं बोलणारी. गरम सेटशेजारी धाकटीला घेऊन उभी राहणारी. थोरलीने तिच्यात खोट शोधून पाहिली, सवयच ती. सापडली नाही. धाकटीचा हेवा तिने चार वर्षं केला होता, आणि त्याची तिला सवय होती. हा हेवा नवा होता. असं चांगलं कुणी कुणाबद्दल लिहावं, आणि ते त्या बाईच्या वाट्याला यावं, जी फक्त कागदावर होती, जिने चौदा वर्षांत एक चिमटाही धुतला नव्हता!

पलीकडे यंत्राची घंटी वाजली. सेट बाहेर आले होते. थोरली उठून गेली आणि हात मागे बांधून त्यांच्या शेजारी उभी राहिली.